पार्वती कोण?

आजीच्या मृत्यूच्या दाखल्यावर तिच्या आईचं नाव ‘पार्वती’ असं छापलेलं आहे. ते खोटं आहे. ते मी लिहिलं.

इतकं सरळ लिहायला मला वर्ष लागलं. मधल्या काळात ही गोष्ट मी स्वतःला नाना तऱ्हांनी सांगून पाहिली. बाहेर शववाहिका उभी होती, पावसानं जोर धरला होता, आत्या घरी एकटी होती, दोन रात्रींचं जागरण होतं. हे सगळं होतंच. पण नमुना भरून घेणाऱ्या माणसानं मला घाई केली नव्हती. उलट तो म्हणाला, “आठवत नसेल तर कोरं सोडा साहेब, नंतर कळवा.” म्हणजे घाई हे कारण मी मागाहून शोधलेलं. खरं कारण वेगळं होतं. ती कोरी जागा मला सोसवली नाही. जिच्या मांडीवर वाढलो, जिच्यावर लेख लिहिले, जिच्या आठवणी सांगून टाळ्या घेतल्या, तिच्या आईचं नाव मला ठाऊक नाही, हे एका अनोळखी माणसापुढे उघडं पडू नये म्हणून मी एक नाव घडवलं. त्या पिढीत पार्वत्या पुष्कळ असत. पेन अडखळलं नाही. अक्षरसुद्धा चांगलं आलं.

दाखला घरी आला तेव्हा आत्यानं चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला. आणि विचारलं, “पार्वती कोण?”

मी गप्प. तिला उलगडा व्हायला वेळ लागला नाही. मला वाटलं, आता बोलेल. ती बोलली, पण भलतंच. “मीसुद्धा कधी विचारलं नाही रे,” म्हणाली. “आई ‘आमची आय’ म्हणायची. मला वाटायचं, आय हेच नाव.”

तिच्या त्या वाक्यानं मला सुटल्यासारखं वाटलं, हेही लिहून ठेवायला हवं. चला, लेकीलाही ठाऊक नव्हतं, मग नातवाचा काय दोष? पण आत्यानं चौथीनंतर शाळा सोडली, पुढे संसार ओढला. तिनं कधी ‘मी हे जाणते’ असा दावा केला नाही. मी केला होता.

मी कॉलेजात मराठी शिकवतो. स्त्रियांची आत्मचरित्रं हा माझा आवडीचा भाग. रमाबाई रानडे माहेरच्या यमुना कुर्लेकर, त्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं. डॉक्टर आनंदीबाई जोशी, त्याही माहेरच्या यमुनाच. ‘स्मृतिचित्रे’कार लक्ष्मीबाई टिळक म्हणजे मनकर्णिका गोखले. आनंदीबाई कर्वे आधीच्या गोदूबाई. ही यादी मी न बघता म्हणतो. मग लग्नातल्या त्या ताटाकडे येतो. तांदूळ पसरलेले, नवऱ्यानं अंगठीनं त्यात नवं नाव रेखलेलं, आणि नऊ-अकरा वर्षांच्या मुलीचं जुनं नाव त्या तांदळांत मिसळून गेलेलं. इथे वर्ग शांत होतो. मला ठाऊक असतं की इथे वर्ग शांत होतो.

आजीचंही नाव असंच बदललेलं. तिचं माहेरचं नाव मी तिला विचारून घेतलं होतं, कारण ते वर्गात सांगता येत होतं. तिच्या आईचं नाव वर्गात लागणार नव्हतं.

आणि २०२४च्या मार्चमध्ये राज्य सरकारनं ठरवलं, की १ मे २०२४पासून जन्मलेल्या मुलांची नावं लिहिताना आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव लिहायचं. त्या आठवड्यात मी या विषयावर दोन ठिकाणी बोललो. आईचं नाव कागदावर येणं म्हणजे काय, कशी पिढ्यान् पिढ्यांची बेदखल माणसं आता नोंदीत येतील, वगैरे. चांगलं बोललो. त्याच पावसाळ्यात आजी गेली, आणि आईचं नाव कागदावर लिहायची वेळ माझ्यावर आली.

खरं सांगायचं तर नावच काय, मला खूप काही ठाऊक असायला हवं होतं. २०१६ साली मी आजीचं बोलणं मोबाइलवर ध्वनिमुद्रित केलं होतं. चौदा बैठका, मिळून नऊ तासांच्या आसपास. पानशेतच्या पुरावर एक लेख लिहायचा होता. आजी तेव्हा अठ्ठ्याऐंशी वर्षांची, पण स्मरण लख्ख. १२ जुलै १९६१. आदल्या रात्रीपासून जवान पानशेतच्या बांधावर वाळूची पोती टाकत होते, सकाळी धरण फुटलं, त्या लोंढ्यानं पुढे खडकवासल्याची जुनी भिंतही तोडली, आणि नदीकाठच्या पेठा पाण्याखाली गेल्या. नारायण पेठेत आमचं बिऱ्हाड होतं, वाड्याच्या तळमजल्यावर दोन खोल्या. आजोबा जवळच्याच छापखान्यात खिळे जुळवायचे. आजीनं तीन मुलं आणि स्टोव्ह एवढंच घेऊन घर सोडलं. मग शाळेच्या वर्गात काढलेले दिवस. खडकवासलाच गेल्यामुळे नळ कोरडे, म्हणून विहिरी आणि कात्रजच्या पेशवाईतल्या नळाचे हौद यांच्यावर लागलेल्या रांगा. मग गोखलेनगरच्या निसेन हट, त्या अर्धगोल पत्र्याच्या खोल्या. उन्हाळ्यात त्या पत्र्याला पाठ लावता यायची नाही, असं ती सांगायची.

लेख छापून आला. लोकांना आवडला. फोन आले. मी तो आजीला मोठ्यानं वाचून दाखवला. तिनं सगळा ऐकला, मधे हुंकार देत. शेवटी म्हणाली, “छान लिहिलंस. सगळं पुण्याचं आलं.”

हे कौतुक आहे असं मी आठ वर्षं समजत होतो.

आत्याच्या त्या प्रश्नानंतर मी त्या फायली पुन्हा काढल्या. माझा उद्देश साधा होता. नऊ तासांत तिनं कुठेतरी आईचं नाव घेतलं असेलच, ते सापडेल, अर्ज करून दुरुस्ती करून घेऊ, विषय मिटेल. पाहिलंत, तेव्हाही मला विषय मिटवायचाच होता.

नाव सापडलं नाही. सापडला तो माझा आवाज.

स्वतःचा आवाज ऐकायला कुणालाच आवडत नाही म्हणतात, पण हे त्याच्या पलीकडचं होतं. आजी एक वाक्य सुरू करते, आणि मी येतो. “हो, ते झालं, पण पाणी किती वाजता आलं?” “आजी, ते नंतर सांग.” “ते राहू दे गं, हौदाचं सांग ना.” “मग पुढे?” हा “मग पुढे?” तर जागोजागी आहे. तो ऐकताना प्रेमळ वाटतो, उत्सुक वाटतो. पण नीट ऐकलं की कळतं, पुढे म्हणजे मला हव्या त्या दिशेला पुढे. तिसऱ्या बैठकीत मी मोजलं. एका तासात २७ वेळा मी तिला वळवलं होतं. आणि ती वळली. प्रत्येक वेळी. “बरं,” म्हणायची, आणि मी दाखवलेल्या वाटेनं निघायची. त्या “बरं”मध्ये राग नाही. मी पुन्हा पुन्हा ऐकलं, राग असता तर बरं वाटलं असतं. नातवाला काहीतरी हवंय, ते आपल्याकडे आहे, तर देऊन टाकू, असा तो स्वर आहे. ताटात वाढताना असायचा तसा.

मग मी एक वही केली. तिची जी वाक्यं मी तोडली ती तेवढी त्यात उतरवून घेतली. त्यातली बरीचशी एकाच दिशेनं जात होती, आणि ती दिशा पुण्याची नव्हती.

आजीचं माहेर आंबी नदीच्या खोऱ्यात होतं. म्हणजे जिथे पानशेतचं धरण झालं त्याच खोऱ्यात. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. ठाऊक होतं, जसं एखाद्याचं गाव ठाऊक असतं तसं. पण या दोन गोष्टी मी कधी एकमेकींशेजारी ठेवल्या नव्हत्या. धरण अजून पुरं व्हायचं होतं तरी त्या पावसाळ्यात पाणी अडवायची घाई झाली, ती घाई पुण्याला नडली, हे मी लेखात ठासून लिहिलं होतं. पण ते पाणी अडवलं म्हणजे फुटण्याआधी ते कुठेतरी चढलंही असणार, हे माझ्या ध्यानात कसं आलं नाही? ज्या पाण्यानं जुलैत तिचं पुण्यातलं घर नेलं, त्याच पाण्यानं त्याच पावसात आधी तिच्या बापाचं घर बुडवलं होतं. मी तिला विचारत होतो, “पाणी आलं तेव्हा तू कुठे होतीस?” आणि ती विचारात पडायची. मला वाटायचं, वय झालं.

वहीत तिची वाक्यं अशी आहेत. “पाणी तर आधी तिकडं चढलं ना…” “धरण फुटलं तसं आमचं गाव पुन्हा उघडं पडलं, मी भाद्रपदात गेले होते बघायला, तर सगळा…” “आमची आय तिथं जी बसली होती…” आणि सहाव्या फायलीत, बेचाळिसाव्या मिनिटाला: “मी तो खुंटा तेवढा आणला, जात्याचा, तो अजून…”

त्याच्यावर माझा आवाज: “कसला खुंटा? बरं, ते असू दे. गोखलेनगरला कधी गेलात?”

खुंटा मला आठवत होता. आजीच्या पत्र्याच्या ट्रंकेत लुगड्यांच्या तळाशी एक लाकडाचा तुकडा असायचा. वीतभर लांब, वरचं टोक धरून धरून गुळगुळीत झालेलं, काळपट, तेल प्यायल्यासारखा. लहानपणी आम्ही त्याचा विटीदांडूतला दांडू करायला बघितला होता तेव्हा ती धावत आली होती, एवढंच माझ्या ध्यानात. आजी गेल्यावर तेराव्यानंतरच्या रविवारी आम्ही तिची खोली आवरली. लुगडी वाटली, औषधं टाकली, ट्रंक भंगारवाल्याला दिली. त्या तुकड्याचं काय झालं? मी तो हातात घेतल्याचं मला आठवतं. पुढचं आठवत नाही. ट्रंकेतच परत ठेवला असेल, किंवा कचऱ्याच्या पिशवीत गेला असेल. दुपारी चारला मला एका व्याख्यानाला जायचं होतं.

मी हे लिहितो आहे तेव्हा एक शंका पाठ सोडत नाही. हा पश्चात्ताप तरी खरा की हाही आणखी एक लेख? तेव्हा मी तिचा पूर वापरला, आता तिचा खुंटा वापरतो आहे. लोक पुन्हा म्हणतील, किती प्रामाणिकपणे लिहिलंय. या शंकेला माझ्याकडे उत्तर नाही. लिहिलं नाही तर दाखल्यावरची पार्वती तशीच राहते आणि ती कोण हे फक्त आत्याला आणि मला ठाऊक राहतं, एवढंच दिसतं.

आजीच्या दीर्घायुष्याचा आम्हा सगळ्यांना केवढा अभिमान होता! ९६ वर्षं. भेटायला आलेल्या प्रत्येकाला आम्ही तो आकडा सांगत होतो, जणू त्यात आमची काही कमाई होती. तिचं वयही मी माझ्या सोयीनं मांडून ठेवलं होतं. चले जावची चळवळ झाली तेव्हा ती चौदाची. गांधीहत्येच्या वेळी विशीत, माझे वडील पाळण्यात. पूर आला तेव्हा ३३. ११ डिसेंबर १९६७च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला, पुण्यापर्यंत भांडी खणखणली, तेव्हा एकोणचाळिशी. बहात्तरच्या दुष्काळात सुकडी आणि मिलो. मी तिचं आयुष्य इतिहासाच्या पाठ्यपुस्तकावर ठेवून गिरवत होतो. ती स्वतः कधी असं मोजायची नाही. तिचं मोजमाप “थोरल्याच्या वेळी पोटुशी होते तेव्हा”, “तो वाडा सोडला त्या साली”, “आय शेवटची आली त्या दिवाळीला” असं चालायचं. आय शेवटची कुठल्या दिवाळीला आली? मी विचारलं नाही. मी हिशेब करून म्हणालो होतो, “म्हणजे चौसष्ट-पासष्ट असेल.” ती म्हणाली, “असेल.”

पण एवढं सगळं मान्य करूनही मला वाटतं, मी तिच्यावर प्रेम केलं नाही असं नव्हतं. केलं. तिचे पाय चेपले, डोळ्यांच्या ऑपरेशनला रात्रभर बाकावर बसलो, शेवटच्या वर्षी तिला आंघोळ घालायला आत्याला मदत केली. हे करताना मला घाई नसायची. मग ती बोलायला लागली की माझं असं काय व्हायचं? कदाचित सेवा करताना ती मला सांभाळायची असायची, आणि बोलताना ती माझ्याहून मोठी व्हायची. जे मला दिसलेलं नाही, जिथे मी कुणीच नाही, अशा ठिकाणी ती मला नेऊ बघायची. आंबीकाठच्या त्या गावात मला जागा नव्हती, माझं काही काम नव्हतं. पुण्याच्या पुरात निदान मला लेख होता. हे असंच आहे का, मला नक्की सांगता येत नाही. पण हे लिहिताना छातीत काहीतरी हललं, म्हणून ठेवतो.

गेल्या महिन्यात आत्या म्हणाली, मामाकडचे आहेत ना अजून, त्यांना विचार. आजीच्या भावाचा मुलगा, म्हणजे वडिलांचा मामेभाऊ. त्या खोऱ्यातच, पाण्याच्या वरच्या अंगाला सरकून वसलेल्या वस्तीत राहतो. आता अठ्ठ्याहत्तरचा. मी त्यांना याआधी दोन लग्नांत नमस्कार केला होता, तेवढाच. त्यांचा नंबरही माझ्याकडे नव्हता, आत्याच्या वहीत होता.

मी गेलो. घराच्या ओट्यावरून खाली सबंध जलाशय दिसतो. काकांनी मला बसवलं, पाणी दिलं, काकूंनी चहा टाकला. मी दुरुस्तीच्या अर्जाचा कागद खिशात आणला होता. नमस्कार-चमत्कार झाल्यावर लगेच विचारलं, “काका, आजीच्या आईचं नाव काय होतं?”

“थोरल्या आयचं?” ते म्हणाले. “सांगतो की. तुला कशाला हवंय?”

कागदासाठी, असं म्हणणार होतो. म्हणालो, “आम्हाला कुणालाच ठाऊक नाही.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मग खाली पाण्याकडे हात करून म्हणाले, “ती बाभळीची टोकं दिसत्यात ना, तिथून आत, खाली, आमची जुनी जागा. त्या साली आमच्याकडं एक बैल होता…”

आणि ते बैलाचं सांगू लागले. बैल कसा पाण्याला बुजायचा, वर सामान नेताना कसा अडून बसला, बापानं कसा त्याला शिव्या देत देत वर काढला. सगळं नेलं, जातं तेवढं राहिलं, कारण दोन दगड कोण वाहणार, पाणी काय एवढ्यात येतंय. मग ते आलंच. मग एका सकाळी ते सगळं गेलं, आणि आठ-पंधरा दिवसांनी चिखल धरला तशी थोरली आय उठून खाली गेली आणि जिथं चूल होती तिथं बसून राहिली. रोज जायची. पुण्याहून आत्या आली, म्हणजे माझी आजी, तिचं स्वतःचं घर वाहून गेलेलं, तरी आली, खडकवासल्यापासून पुढं बरंचसं पायीच. “मी चौदा वर्षांचा, मी तिला खाली घेऊन गेलो,” काका म्हणाले. गुडघ्याएवढा गाळ. तिनं हातानं उकरलं.

पाऊण तास झाला असेल. चहा केव्हाच पिऊन झाला होता. परतीची एसटी साडेतीनची, त्यानंतरची थेट संध्याकाळी. नाव अजून आलेलं नव्हतं. माझ्या जिभेवर ते तीन शब्द येऊन उभे राहिले, मला ते अगदी तयार जाणवले, “ते नंतर सांगा.” हात खिशातल्या कागदाकडे गेला होता. तो मी तिथेच धरून ठेवला.

काका थांबले होते. बहुधा मी काही बोलेन म्हणून.

“मग आजीनं उकरलं,” मी म्हणालो.

“हां,” ते म्हणाले. “दोन्ही हातांनी. आन् थोरली आय तिला म्हणती…”